गावातून जाणारा आठ नंबर

माझे सासरे, अण्णा, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण रस्ता दिसला की त्यांची नजर अजून आपोआप खाली जाते. बाकीची माणसं नव्या देशात आली की इमारती बघतात, दुकानं बघतात. अण्णा फ्रँकफर्टच्या विमानतळाबाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "अनघा, कडेचा उतार बघ कसा दिलाय. पाणी थांबायचं नाव घेणार नाही."

आम्ही र्युसेल्सहाइमला राहतो. माझा नवरा निखिल आठवड्यातले चार दिवस ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात असतो आणि शुक्रवारी परत येतो. सप्टेंबरअखेरीच्या एका आठवड्यात त्याला शनिवार-रविवारीही तिथेच थांबावं लागणार होतं. म्हणून मी आणि अण्णांनी त्याच्याकडे जायचं ठरवलं. रेल्वेने हा प्रवास दोनेक तासांचा. मी तिकिटं काढायला बसले तेव्हा अण्णा शेजारी मोबाइलवर नकाशा मोठा करून बघत होते.

"हा आठ नंबरचा पिवळा रस्ता कुठला?"

"ती बुंडेसश्ट्रासे आहे, बी-आठ. आपल्या जुन्या हायवेसारखी. पण एवढ्या लांब कोणी जात नाही त्यावरून. ऑटोबान आहे ना."

"का जात नाहीत?"

"गावागावांतून जातो तो. वेळ लागतो."

"मग मला कुठे मस्टरवर सही करायचीय?" अण्णा म्हणाले.

तिकिटांचा विषय तिथेच संपला. मी शुक्रवारची सुट्टी टाकली, आणि आम्ही माझी छोटी गाडी घेऊन निघालो.

होक्स्टहून डोंगराकडे

हा बी-आठ खरं तर फार लांबचा प्रवासी आहे. हॉलंडच्या सीमेजवळ सुरू होतो आणि ऱ्हाइन, माइन, डॅन्यूब अशा नद्यांची सोबत घेत ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या पासाऊपर्यंत जातो. आमच्या वाट्याला त्याचा मधला तुकडा आला होता. तो तुकडा सगळ्यात जुना. कोलोनचे व्यापारी फ्रँकफर्टच्या जत्रेला याच वाटेने यायचे. ती जत्रा म्हणजे आजची 'मेसं', जिथे हल्ली मोटारी आणि पुस्तकं मांडतात. तेव्हा कापड, मसाले, मासळी यायची.

फ्रँकफर्टच्या होक्स्ट भागात आम्ही रस्त्याला लागलो, तर पाटीवर नाव 'क्योनिगश्टाइनर श्ट्रासे'. पुढचं गाव क्योनिगश्टाइन, म्हणून रस्त्याला त्याचं नाव. अण्णा एकदम खूश झाले.

"म्हणजे आपल्यासारखंच की. सातारा रोड, नगर रोड, सोलापूर रोड."

"हो, पण सोलापुरात गेलं की तोच पुणे रोड होतो."

"मग इथे कुठेतरी फ्रँकफर्ट रोड संपून कोलोन रोड सुरू होत असणार. ती जागा शोधायची."

असा आम्हाला एक उद्योग मिळाला.

क्योनिगश्टाइनला टेकडीवर पडका किल्ला आहे आणि खाली एक गोल चौक, ज्यात सकाळच्या गाड्या मुंगीच्या चालीने फिरत होत्या. तिथून रस्ता टाउनसच्या जंगलात शिरतो आणि चढतो. बीचची झाडं नुकती पिवळी व्हायला लागली होती. वर ग्लासह्युटन नावाचं गाव लागलं. या नावाचा अर्थ काचेच्या भट्ट्या. मध्ययुगात जंगलातलं लाकूड जाळून इथे काच करत असत.

अण्णांना मात्र गावाच्या पाट्यांनी भुरळ घातली. इथे गाव सुरू होताना पिवळी पाटी असते, आणि संपताना पाटीवर त्याच नावावर लाल तिरपी रेघ.

"शाळेत चुकलेलं उत्तर खोडतात तसं गाव खोडलंय," अण्णा म्हणाले. पण पाटी दिसताच पुढचा ट्रक पन्नासवर आला, मागची मोटारही आली, तेव्हा ते मान वळवून मागे बघायला लागले. मग म्हणाले, "नुसती पाटी? स्पीडब्रेकर नाही, काही नाही?"

"कॅमेरे असतात कधीकधी."

"हां. मग ठीक." त्यांना हायसं वाटलं असावं.

बाड कांबेर्गचं पाणी

नावात 'बाड' असलं की ते पाण्याच्या उपचाराचं गाव समजायचं. बाड कांबेर्गला जुन्या वेशीचा एक बुरूज चक्क कललेला आहे. त्याच्याखालून जाताना मी उगाच भरभर पाय उचलले. बागेत गार पाण्याचा एक उथळ हौद होता, मधोमध धरायला दांडी. एका पाद्र्याने सुरू केलेला हा उपचार : करकोच्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर पूर्ण उचलत चालायचं, आणि बाहेर आल्यावर पाय न पुसता फिरायचं.

हौदात दोन वयस्कर बायका गंभीर चेहऱ्याने करकोचे झाल्या होत्या. अण्णांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मी काही बोलायच्या आत पाण्यात उतरले.

"आई गं!" ही हाक सगळ्या बागेने ऐकली.

त्यातली एक बाई हसून म्हणाली, "लांगझाम, लांगझाम." हळूहळू. अण्णांना जर्मन येत नाही, पण त्यांनी ओळखलं. तिच्या मागोमाग, तिच्यासारखेच गुडघे उचलत त्यांनी फेऱ्या मारल्या. बाहेर आले तेव्हा पाय लाल झाले होते आणि चेहरा शाळकरी. नंतर बेकरीत आंबट प्लमचा केक खाताना ते म्हणाले, "आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर आपण हेच करायचो. त्याला उपचार म्हणतात हे कुणी सांगितलं नाही."

पुढे नीडरसेल्टर्स गाव येतं. जर्मनीत कुठल्याही साध्या सोडावॉटरला लोक 'सेल्टर्स' म्हणतात, ते या गावातल्या झऱ्यामुळे. पूर्वी हे पाणी मातीच्या बुधल्यांत भरून देशोदेशी जायचं. झरा एका जागी, बुधले बनवणारे कुंभार पुढच्या डोंगरात, आणि त्यांना जोडणारे गाडीरस्ते. अण्णांनी बाटली विकत घेतली, एक घोट घेतला आणि परत झाकण लावलं. "खारट आहे. पण नावाचा मान ठेवला."

लिंबुर्गचा पूल

लिंबुर्गमध्ये लान नदीवर दगडी पूल आहे, शेकडो वर्षांचा. वर खडकावर सात मनोऱ्यांचं कॅथेड्रल उभं आहे आणि सगळे प्रवासी त्याचे फोटो काढतात. अण्णा त्याच्याकडे पाठ करून पुलाचे खांब बघत होते. प्रवाह येतो त्या बाजूला खांबांना होडीच्या नाळेसारखी निमुळती टोकं आहेत, पाणी कापायला. दूरवर डोंगरांच्या मध्ये ऑटोबानचा प्रचंड उंच पूल दिसतो, आणि त्याच्याजवळ वेगवान रेल्वेचा.

पुलावरच्या फलकाजवळ मी त्यांना या वाटेची गोष्ट सांगितली. वाटेत लुटारू असायचे, म्हणून त्या त्या मुलखाचा राजा व्यापाऱ्यांना हत्यारबंद सोबत द्यायचा. आपली हद्द संपली की पुढच्या राजाच्या माणसांकडे सोपवायचं. सोबतीचा मोबदला अर्थातच घ्यायचा.

"आणि लुटारू कोणाचे असायचे?" अण्णांनी विचारलं.

"कधीकधी त्याच राजाचे, म्हणतात."

अण्णा पोट धरून हसले.

लिंबुर्गच्या पुढे रस्ता वेस्टरवाल्डच्या पठारावर चढतो. तिथे आमची फजिती झाली. एका थांब्यावर मी गाडी उभी केली आणि निखिलला फोन लावत होते. अण्णा रस्त्याची कड बघायला गेले. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून रस्ता फुगतो, त्यावर इथे काय करतात हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ते गवतात गुडघे टेकून, जवळजवळ गाल जमिनीला लावून बसले. एक गाडी करकचून थांबली, तिचे चारही दिवे लुकलुकायला लागले, आणि एक तरुण बाई औषधांची पेटी घेऊन धावत आली. तिने अण्णांच्या खांद्याला हात लावून मोठ्याने विचारलं, "ऐकू येतंय का तुम्हाला?"

अण्णा दचकून उठले. मी धावत जाऊन सांगितलं, की हे आजारी नाहीत, इंजिनिअर आहेत. बाईने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्या मातकट गुडघ्यांकडे बघितलं. "आख् झो," असं होय, म्हणाली, आणि हसत हसत गेली. पुढचे कित्येक किलोमीटर अण्णा म्हणत होते, "थांबली मात्र. बघ, थांबली."

वेस्टरवाल्डचं गास्टहाउस

आम्ही मुक्काम केला त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांचं घरगुती बोलणं मी इथे लिहिते आहे. पन्नास-साठ घरं, एक चर्च आणि मधून आठ नंबर. गास्टहाउस, म्हणजे मुक्कामाची सोय असलेली खाणावळ, रस्त्याला इतकं चिकटून, की ट्रक गेला की जिन्यातली तसबीर हलायची. पूर्वी इथे टपालगाड्यांचे घोडे बदलत असत. मालकीण फ्राउ वेबर सत्तरीच्या, उंच, बोलायला तुटक. त्यांच्या वरच्या खिडकीत मोठं कापड लावलं होतं : 'बायपास आत्ताच हवा!' आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या काचेवर दुसरं : 'गाव वाचवा, बायपास नको!'

मी अण्णांना दोन्हीचा अर्थ सांगितला. त्यांनी बॅगा आत नेल्या.

संध्याकाळी जेवायला फ्राउ वेबरांनी इथला डिप्पेकुखेन केला होता. किसलेला बटाटा आणि कांदा, जाड भांड्यात भाजून वर खरपूस साल आलेली. यात डुकराचं मांस असतं, पण मी आधी कळवल्यामुळे आमच्यासाठी वेगळं भांडं होतं. सोबत सफरचंदाची गोड चटणी. अण्णांनी पहिल्या घासालाच निकाल दिला : "हे थालीपीठाचं चुलत भावंड आहे. फक्त मिरची विसरले."

शेजारच्या टेबलावर एक जाडसर, टकले गृहस्थ जेवत होते. त्यांनी आमच्या भांड्याकडे बघून मालकिणीला विचारलं, "मांसाशिवाय? मग याला डिप्पेकुखेन म्हणायचं का?"

"तू गप्प खा, क्लाइन," फ्राउ वेबर म्हणाल्या.

हे हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइन समोरचे बेकरीवाले. शुक्रवारी त्यांची बायको गाण्याच्या मंडळात जाते, म्हणून ते इथे जेवतात. मला गंमत वाटली. मी विचारलं, समोरासमोरची ती दोन कापडं तुमचीच ना?

"गेनाऊ," अगदी बरोबर, दोघंही एकदम म्हणाले.

मग वादाला तोंड फुटलं आणि मी दुभाषी झाले. हेर क्लाइन म्हणाले, रस्त्यावरची माणसं थांबतात म्हणून माझी भट्टी चालते. रस्ता बाहेरून गेला की भट्टी विझेल, आणि मग या गावातल्या म्हाताऱ्यांनी पावासाठी जायचं कुठे? फ्राउ वेबर म्हणाल्या, माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी मी वर्षानुवर्षं उघडलेली नाही. मग त्यांनी दाराकडे बोट केलं.

"माझी धाकटी बहीण इथेच गेली. पलीकडून दूध आणत होती."

"माझ्याच वर्गात होती," हेर क्लाइन खाली बघत म्हणाले. "हे मी कधी नाकारलं नाही, हेल्गा."

"नाही. ते नाही नाकारलंस."

मग हेर क्लाइननी विषय बदलावा म्हणून अण्णांचा धंदा विचारला. मी सांगितलं, रस्त्यांचे इंजिनिअर. दोघांनीही खुर्च्या आमच्याकडे वळवल्या.

"बायपास केलेत कधी?"

मी अण्णांकडे बघितलं. "केला," ते म्हणाले. "एक."

यापुढचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता जर्मनमध्ये सांगत होते.

"कराडकडचं आमचं बाजाराचं गाव. हायवे पेठेतून जायचा. एसटी, ट्रक, उसाच्या गाड्या, शाळेची पोरं, सगळं त्याच रस्त्यावर. दर वर्षी माणसं दगावायची. मी नकाशावर गावाच्या बाहेरून रेघ मारली. ती रेघ बरोबर होती, आजही तेच म्हणेन. पण स्टँडसमोर जयवंताचं हॉटेल होतं. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. बायपास सुरू झाला आणि एसट्या बाहेरूनच जायला लागल्या. त्याच्या हॉटेलातली बाकडी रिकामी पडली. एकदा भर चौकात मला म्हणाला, 'गाव मारलंस.' तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात समोर आलो तरी तो मान वळवतो. मीही वळवतो."

माझ्या लग्नात एक धोतरवाले गृहस्थ मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवले आणि न भेटता गेले होते. तेव्हा मी कोण म्हणून विचारलं होतं. कोणी उत्तर दिलं नव्हतं.

फ्राउ वेबरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी अण्णांना काही सांगितलं नाही, उलट विचारलं, "मग तुम्ही जेवता कोणाबरोबर?"

अण्णांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा सांगितला.

"घरी," अण्णा म्हणाले. "सूनबाई इथे, मुलगा इथे. बायको गेली. एकटाच."

"हं," फ्राउ वेबर म्हणाल्या. हेर क्लाइनकडे मान करून म्हणाल्या, "या माणसाला माझा वीट आलाय आणि मला याचा. पण या गावात आमच्या वयाचं उरलंय कोण? भांडायला तरी समोर माणूस लागतो." आणि उरलेला डिप्पेकुखेन त्यांनी अण्णांच्या ताटात वाढला.

वायरबुश आणि पुढे

सकाळी पठारावर दाट धुकं होतं. हेर क्लाइननी आमच्या गाडीत गरम पावाची पिशवी ठेवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. अण्णा रस्ताभर धुक्यात बघत बसले होते. आल्टनकिर्शनमध्ये मी त्यांना पाटी दाखवली, क्योल्नर श्ट्रासे, म्हणजे कोलोन रोड. त्यांनी मान हलवली, इतकंच.

वायरबुशला मात्र ते गाडीतून उतरले. इथे एकेकाळी दुष्काळात इथल्या तरुण महापौराने गावकऱ्यांची मंडळी जमवून धान्य आणवलं आणि सामाईक भट्टीत भाकरी भाजायची सोय केली. पुढे त्याच माणसाच्या विचारातून सहकारी पतसंस्था उभ्या राहिल्या, आणि ती कल्पना फिरत फिरत आपल्याकडच्या गावोगावच्या सोसायट्यांपर्यंत पोचली. भट्टीचं छोटं घर तिथे बघायला मिळतं. शेतकऱ्यांचा माल ऱ्हाइनपर्यंत जावा म्हणून या महापौराने रस्ताही बांधून घेतला होता, हे मी अण्णांना वाचून दाखवलं.

"रस्ता आधी की भाकरी आधी?" त्यांनी विचारलं.

"भाकरी आधी, असं दिसतंय."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले आणि भट्टीच्या दगडावरून हात फिरवत राहिले.

उकेराटची उतरण

उकेराटला वेस्टरवाल्ड संपतो. धुकं तिथे एकदम मागे राहिलं आणि पुढे ऱ्हाइनचं मैदान उघडलं. डावीकडे सात डोंगरांची रांग, खाली हेनेफची छपरं. पलीकडे कोलोनच्या बाजूला हा आठ नंबर मधूनच नकाशावरून नाहीसा होतो. ऑटोबान शेजारी आल्यावर काही तुकड्यांचा दर्जा उतरवला आणि आकडा काढून घेतला. रस्ता आहे, गाड्या आहेत, नाव फ्रँकफुर्टर श्ट्रासेच आहे, पण तो आता आठ नाही. मी हे सांगत होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जरा थांबव गं गाडी."

मला वाटलं, पुन्हा कड बघायची असेल. ते उतरले, चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं. नंबर त्यांच्याकडे होता. इतकी वर्षं होता. भारतात दुपार झाली होती. त्यांनी फोन कानाला लावला, पण चुकून स्पीकर सुरू झाला, म्हणून पहिलं बोलणं मीही ऐकलं.

"कोण?" पलीकडून खरखरीत आवाज.

"मी. दत्ता."

मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"कुठनं बोलतुयास?"

"जर्मनीतनं. रस्त्यावर उभा आहे."

"तितं बी बायपास काढलास का काय?"

अण्णांच्या तोंडून हसू फुटलं. "नाही रे. इथं तर अजून भांडणंच चाललीत."

"मग बरं हाय," जयवंतराव म्हणाले. "भांडू दे त्यास्नी."

मी स्पीकर बंद करून दिला आणि गाडीपासून लांब गेले. कुंपणापलीकडे गाई चरत होत्या. मागे वळून बघितलं तर अण्णा मोकळ्या हाताने हवेत वळण काढून कुणाला तरी काहीतरी समजावत होते. मध्येच थांबून ऐकत होते, आणि पुन्हा हात हलत होता. हेर क्लाइनचा एक पाव मी तिथे उभ्या उभ्या खाऊन संपवला.

अण्णा आले ते नाक पुसत. सीटबेल्ट लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"काय म्हणाले?"

"त्याच्या थोरल्यानं बायपासवर नवं हॉटेल टाकलंय. दिवाळीनंतर ये म्हणतोय." मग जरा वेळाने म्हणाले, "पण मला शिव्या द्यायचं काही सोडणार नाही म्हणाला. मरेपर्यंत देईन म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दे की. पण समोर बसून दे."

मी गाडी सुरू केली आणि आम्ही हेनेफच्या दिशेने उतरायला लागलो.